बिनकोट्याची चौकशी

"ताई, कोट घरी नेऊ नका," असं काकूंनी तिला रजेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. काकू म्हणजे प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई. एकतीस वर्षं त्यांनी नळ्या, बश्या आणि चंचुपात्रं धुतली होती. तेवढ्या काळात चार प्रमुख आले नि गेले, आणि एकाचंही काकूंनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या आधी नळ बंद करत. नळ बंद झाला की समोरच्याने कान द्यायचे, अशी तिथली पद्धत.

नळ बंद होता. तरी तिने ऐकलं नाही.

तिचीही बाजू होती. प्रयोगशाळेचे कोट ज्या धुलाईला जात तिथून ते पुठ्ठ्यासारखे कडक होऊन आणि दोन बटणं गमावून परत येत. ती बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आलेली, अंगावर पाजत होती, आणि तो पुठ्ठा छातीला टोचायचा. शिवाय ती शिकलेली होती. ज्या जंतूवर ती काम करत होती त्याची सात पिढ्यांची कुळकथा तिला तोंडपाठ होती.

"काकू, आपला जंतू अगदी गरीब आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं म्हणून तिने कोट पिशवीत कोंबला.

काकूंनी नळ सोडला.

त्यानंतर सात महिने दर शुक्रवारी कोट घरी येत होता. वेगळी बादली, उकळतं पाणी, वेगळी दोरी. ती काळजी घेणारी होती. इतकी, की ठकीला उचलण्याआधी ती कोपरापर्यंत हात धुवायची आणि मग हात धुताना नळाला लागलेला हात पुन्हा धुवायची.

ठकी म्हणजे तिची मुलगी. वय चौदा महिने, दात सहा. तिच्या डाव्या मांडीला मागच्या बाजूने वाटाण्याएवढा फोड आला. मलमाने बसला. बारा दिवसांनी दुसरा, बोटभर खाली. मग तिसरा, उजव्या मांडीला, अगदी पहिल्याच्या समोरासमोर. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"घरात कुणी दवाखान्यात वगैरे कामाला आहे का?"

"मी जंतूंवर काम करते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला आणि औषध लिहिलं. सासूबाई शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. तीन जिने चढून झाले, चपला निघाल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "कुठले जंतू?"

"फोडांचेच, आई."

"म्हणजे दिवसभर तू फोडांचे जंतू वाढवतेस."

"हो."

"मुद्दाम."

"मुद्दामच. ते आपोआप नीट वाढत नाहीत."

"आणि मग येऊन पोरीला घेतेस."

"हात धुऊन घेते."

सासूबाईंनी न्हाणीघराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि वेगळी बादली दिसत होती. वेगळी म्हणून ती लाल घेतली होती, त्यामुळे लांबूनही दिसायची.

"आई, माझ्याकडून आलं असेल तर मी नोकरी सोडेन," ती म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही हं."

"मीच म्हणतेय."

"तू म्हणालीस तर मग झालं," सासूबाई म्हणाल्या आणि पोरीला घेऊन आत गेल्या.

एवढंच झालं. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. आठ वर्षांचं शिक्षण आणि एकमेव अशी नोकरी, जिच्यात तिला सकाळी उठून जावंसं वाटायचं, ती तिने चपला काढता काढता पणाला लावली. खिडकीपाशी सासरे बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले.

सासरे शिंपी. दुकान बंद करून पाच वर्षं झाली होती, पण पायाने चालवायचं मशीन त्यांनी पुढच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवलं होतं. तिचं काम नीट समजून घेणारं घरात ते एकटेच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या मते जगात दोनच गोष्टी घडतात, वर जाणं आणि खाली येणं, आणि जंतू यातलं काहीच करत नाही. सासऱ्यांनी मात्र ती कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू नक्की बघतेस तरी काय?"

"बाबा, हा जंतू म्हणजे एक गोळा. आत कारखाना, बाहेर जाड भिंत. भिंतीवर तो एक कोट घालतो, प्रथिनांचा. कोटाच्या जिवावरच तो आपल्या कातडीला चिकटतो आणि रक्तातल्या रखवालदारांना चकवतो. पण प्रथिनं बनतात आत आणि लागतात बाहेर. ती तिथवर पोचतात कशी, ते मी बघते."

"कशी पोचतात?"

"प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते. पत्त्याची म्हणा. ती दिसली की आतल्या पडद्यातलं दार उघडतं. बाहेर पडता पडता पट्टी कापून टाकतात."

"लेबल काढायचं. बरोबर आहे. पण मग अंगाला बसतं कसं? लोंबतं का नुसतं?"

"शेपटाशी एक खूण असते. दाराबाहेर त्या खुणेची वाट बघत एक कारागीर बसलेला असतो. खूण आली की तो तिथे कात्री चालवतो, आणि कापलेलं टोक सुटायच्या आत भिंतीच्या कोऱ्या विटेला जोडून टाकतो. मग ती वीट भिंतीत बसते."

मशीनचं चाक थांबलं. "कापणारा आणि शिवणारा एकच?"

"एकच."

"एकाच झटक्यात?"

"हो."

"चाळीस वर्षांत मला असा माणूस मिळाला नाही," सासरे म्हणाले. "कापणाऱ्याला शिवायला बसवलं की टाके वाकडे, शिवणाऱ्याला कापायला बसवलं की कापड वाकडं. बरं, कोट घालायला सुरुवात कुठून?"

हा प्रश्न तिच्या तोंडी परीक्षेत तिसरा आला होता. "मधून. गोळ्याचे दोन गोळे होतात तेव्हा मधे नवी भिंत उभी राहते. बरीचशी प्रथिनं पत्ता वाचून सरळ त्या मधल्या भिंतीशीच जातात. काही टोकांकडे जातात, त्यांचा पत्ता निराळा असतो. मग दोघं वेगळे झाले की मधली भिंत बाहेरची होते."

"आणि कोट अंगावर आलेला असतो."

"आलेला असतो."

"वेगळं व्हायच्या आधीच कपडे तयार. नाहीतर आपली पोरं बघ. उघडीच येतात आणि मग आपली धावपळ." त्यांनी पुन्हा पायडल मारलं. तेव्हा ते मारत होते.

तिच्या वाट्याला आलेला जंतू मात्र त्या घराण्यातला वाया गेलेला. त्याच्यातला कारागीरच काढून टाकला होता. प्रथिनं बनायची, पत्ता वाचून दाराबाहेर यायची, आणि टाका घालायला कुणी नाही म्हणून काही पडद्यातच अडकायची, बाकीची आजूबाजूच्या पाण्यात गळून जायची. प्रयोगशाळेत त्याला सगळे बिनकोट्या म्हणत. धडधाकट होता तो कोटवाला. कोटवाला शेजारच्या खोलीत मॅडमच्या, म्हणजे तिच्या प्रमुखांच्या, ताब्यात असे. तुलना करायची असली की मॅडम त्याच्या काचा स्वतः तयार करून, त्याला मारून, तिच्या टेबलावर आणून ठेवत. जिवंत कोटवाल्याला तिचा हात कधी लागला नव्हता.

आणि बिनकोट्याला फोड करणं फार जड जातं. कोटच नाही, तर चिकटणार कशाने आणि लपणार कशात? हे तिने स्वतःच लिहिलेल्या अहवालाच्या चौथ्या पानावर होतं, आकड्यांसकट. पण पोरीच्या मांडीवर फोड असला की आईला चौथं पान पटत नाही.

तर तिने चोरी केली. घरचा माल कामावर नेला. फोड पुसण्याच्या निमित्ताने त्यातला थेंब कापसाच्या काडीवर घेतला, काडी बंद नळीत घातली, नळी डब्यात, डबा पिशवीत, आणि कुणी यायच्या आत तो थेंब एका बशीवर पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीवर सोनेरी ठिपके उगवले होते. छान, गुबगुबीत. दुसऱ्या कुणाच्या मांडीवरचे असते तर तिने कौतुक केलं असतं.

पुढची परीक्षा सोपी असते. काचेच्या पट्टीवर पाण्यात जंतू कालवायचे, वर रक्तातल्या पिवळ्या पाण्याचा थेंब घालायचा आणि पट्टी हलवायची. जंतूच्या अंगावर कोट असला तर ते त्या पाण्यातला एक धागा पकडतात, धागा एकमेकांत गुंततो आणि दूध नासावं तशा गुठळ्या होतात. कोट नसला तर काही होत नाही. दूध तसंच राहतं.

तिने आधी बिनकोट्या घेतला. हलवला. दूध. मग ठकीचा घेतला. हलवला. पाच मोजायच्या आत गुठळ्या.

ती स्टुलावर बसली. मागे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"नुसत्या मिठाच्या पाण्यात बघितलंत का?" काकूंनी विचारलं. "काही काही जात्याच गुठळ्या करणारे असतात. त्यांना निमित्त लागत नाही."

बघितलं नव्हतं. ही चूक ती शिकाऊ पोरांना रागावून दाखवायची. तिने मिठाच्या पाण्यात बघितलं. दूध.

"मग खरं आहे," काकू म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

"ठकीचा."

काकूंनी फक्त तिच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून मॅडम म्हणाल्या, "इथलं घरी न्यायचं नाही आणि घरचं इथे आणायचं नाही. दोनच वाक्यं आहेत. तुम्हाला दोन्ही जमलेली नाहीत."

ती उठून उभी राहिली. मॅडमनी पट्टी उचलून उजेडात धरली आणि बऱ्याच वेळाने खाली ठेवली.

"बिनकोट्या नाही हा," त्या म्हणाल्या. "मग घरातलाच कुणाचा तरी असेल. तिघांत एकाच्या नाकात हा मुक्काम करून असतो, त्या माणसाला पत्ताही नसतो. आता सुरू केलंच आहे तर पूर्ण करा. नोंदवहीत लिहा, काड्या मोजून घ्या आणि सगळ्यांची नाकं बघा."

घरी येऊन तिने सासूबाईंना उभ्या उभ्याच सांगितलं. सासूबाई पोरीचे कपडे घडी करत होत्या.

"गुठळी झाली म्हणून तुझा नाही?"

"नाही, आई. माझा गुठळी करूच शकत नाही."

"तुझ्या कपाटात फक्त तोच, न करणारा?"

"फक्त तोच."

"आणि शेजारच्या खोलीत?"

"शेजारच्या खोलीत कोटवाला आहे."

"तो करतो गुठळी?"

"करतो."

"मधे भिंत आहे?"

"दार आहे."

"उघडं?"

"दिवसभर."

"बरं," म्हणून सासूबाईंनी पुढचं झबलं घेतलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं. तिच्या अहवालाच्या परीक्षकांना असा एक प्रश्न सुचला असता तर अहवाल तसाच मंजूर झाला नसता.

"पण घरात कुणाच्या नाकात सापडला की तू सुटलीस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही सापडला तर?"

"तू म्हणाली होतीस. मी नाही."

नाकं बघायचा कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. नवरा पहिला. तो लिफ्टच्या तारांना लोंबकळून काम करणारा माणूस, पण काडी नाकात जाताच डोळ्यांतून पाणी काढून म्हणाला, "अगं, मेंदूला लागली."

"तिथे काही नाही लागायला," सासूबाई म्हणाल्या. मग त्या स्वतः पुढे झाल्या आणि फोटो काढून घ्यायला बसावं तशा ताठ बसल्या. सासऱ्यांनी खुर्चीतूनच मान वर केली. "डावं की उजवं?"

"दोन्ही, बाबा."

"घे."

चौथं नाक तिचं. आरशात बघून.

मंगळवारी निकाल लागला. सासूबाई कोऱ्या. सासरे कोरे. ती कोरी. नवऱ्याच्या नाकात त्याच घराण्यातला एक पांढरा, निरुपद्रवी नातलग निघाला. त्याने गुठळी केली नाही.

"म्हणजे मी निर्दोष?" नवऱ्याने विचारलं.

"निर्दोष नाही. निरुपयोगी."

त्याला वाईट वाटलं. घरासाठी आपल्या नाकात काहीतरी सापडावं असं त्यालाही मनापासून वाटत होतं. "आपण दवाखान्यात विचारू, अजून कुणाला विचारू," तो म्हणत राहिला. तिने मान हलवली. चार माणसं, चार नाकं, काही नाही. मग राहिलं काय, तर दिवसभर उघडं असलेलं दार आणि लाल बादली. शनिवारी तिने कोरा कागद घेतला आणि पुढच्या खोलीतल्या टेबलावर राजीनामा लिहायला बसली. सासूबाई पोरीचं औषध आणायला खाली गेल्या होत्या. जाताना त्यांनी कागद पाहिला आणि दार नेहमीपेक्षा हळू लावलं.

'सादर' एवढं लिहून झालं तेव्हा ठकी तिचं झबलं ओढत आली. खांद्यावरची शिवण उसवली होती. ती उठली आणि झबलं सासऱ्यांपुढे धरलं.

"बाबा, दोन टाके मारता का? मशीनवर मिनिटाचं काम आहे."

सासऱ्यांनी झबलं घेतलं, खिशातून सुईदोरा काढला आणि हाताने शिवायला लागले. "हाताचा टाका मऊ असतो. पोरीला बोचत नाही."

ती परत टेबलाशी आली. लेखणी उचलली. आणि काय चुकलं ते कळेना, पण काहीतरी चुकलं होतं. तिने मशीनकडे पाहिलं. मशीनवर झाकण होतं. झाकणावर ठकीचे ठोकळे होते, ठोकळ्यांवर कालचं वर्तमानपत्र, त्याखाली परवाचं, त्याखाली गेल्या महिन्यातलं. या घरात ती तीन वर्षं नांदत होती. मशीनचा आवाज इतका रोजचा होता की पाहुणे आले की त्यांच्याशी आपोआप मोठ्याने बोललं जायचं. तो शेवटचा कधी ऐकला, ते तिला आठवेना.

"घोडा," ठकी म्हणाली. तिला तीन शब्द येत होते, त्यातला हा एक. सासऱ्यांच्या पावलावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि त्यांनी पाय वरखाली करायचा, हा तिचा संध्याकाळचा खेळ. ती खुर्चीखाली हात घालून त्यांचा डावा पाय ओढायला लागली.

"आज घोडा दमलाय गं," सासरे म्हणाले. "हा घे, दुसरा घे." त्यांनी उजवा पाय पुढे केला. ठकीने तो ढकलला. तिला सवयीचाच घोडा हवा होता.

ती बघत राहिली. ठकी आजोबांच्या पायावर बसते तेव्हा मांड्यांचा मागचा भाग नेमका कुठे टेकतो, ते तिने मनातल्या मनात मोजलं. डावी मांडी इथे. उजवी तिच्या समोरासमोर. मग लेखणी खाली ठेवून ती जमिनीवर येऊन बसली.

"बाबा, डावा मोजा काढा."

"थंडी वाजते."

"पंखा चालू आहे."

"पायालाच वाजते."

"बाबा."

त्यांनी आधी टाका पुरा केला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. "काढतो. पण कापणार नाहीत ना, ते आधी सांग."

"कोण कापणार?"

"डॉक्टर. थोरल्या भावाचं एक बोट दाखवायला गेलो होतो आम्ही. परत आला तेव्हा त्याची पँट मीच गुडघ्यापाशी दुमडून शिवली. डाव्या बाजूची." ते झबल्याकडे बघत बोलत होते. "कापड कमी पडलं तर जोड देता येतो. जास्त झालेल्या कापडाचं काय करतात, ते मला तेव्हा समजेना."

ती म्हणाली, "दाखवला नाही तर नक्की कापतील. दाखवला तर कदाचित नाही." कदाचित हा शब्द प्रयोगशाळेतून आलेला. सासऱ्यांना तो चालला.

मोजा निघाला. आत कोटाच्या अस्तराच्या मऊ पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, आणि प्रत्येक पट्टीची कड दुमडून बारीक टाक्याने शिवलेली होती. जखमेवर बांधायची चिंधी, पण उसवून चालणार नाही. पट्ट्यांखाली करंगळीपासून पावलाच्या कडेवर आलेली जखम होती, काळपट आणि खोल. मशीनच्या पायडलची एक कड तुटली होती, त्या कडेने अडीच महिन्यांपूर्वी कापलं होतं. त्यांना साखरेचा आजार जुना, पायाला फारसं लागत नसे. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असा त्यांचा हिशोब.

"बाबा, मी गेल्या रविवारी सगळ्यांची तपासणी केली. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू नाक मागितलंस," सासरे म्हणाले. "मी नाक दिलं."

पुस्तकात नाक लिहिलं होतं, मॅडम नाक म्हणाल्या होत्या, म्हणून ती मोजून चार काड्या घेऊन आली आणि घरातल्या चार माणसांची आठ भोकं बघून मोकळी झाली. ज्याला जंतू या शब्दाचा अर्थही माहीत नाही अशा कुणीही आधी विचारलं असतं, म्हातारा शिवत का नाही?

"माझ्यामुळे झालं का गं पोरीला?" त्यांनी विचारलं.

"ते नंतर बघू," ती म्हणाली.

"आणि तुझी नोकरी?"

"तेही नंतर."

इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलाने वडिलांना पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरवलं. खाली सासूबाई औषधाची पुडी घेऊन वर येत होत्या. त्यांनी आधी पाय पाहिला, मग नवऱ्याचा चेहरा. "अडीच महिने शेजारी झोपते मी या माणसाच्या," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग त्यांनी पुडी सुनेच्या हातात दिली आणि पुढे होऊन रिक्षा थांबवली.

करंगळी गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस उशीर झाला असता तर गोष्ट घोट्याच्या वर गेली असती. पायातला जंतू दवाखान्यानेच तपासला. सोनेरी, गुठळी करणारा, आणि कुठल्या औषधाला मरतो नि कुठल्याला नाही त्याची यादी ठकीच्या फोडातल्या जंतूच्या यादीशी ओळीने ओळ जुळली. शेजारच्या खोलीतल्या कोटवाल्याची यादी मॅडमनी न मागता पाठवली. ती जुळली नाही. सोबत चिठ्ठी होती, 'दार आजपासून बंद ठेवत आहोत.'

काकूंना तिने सगळं सांगितलं. काकूंनी नळ बंद न करताच ऐकलं आणि म्हणाल्या, "कोट सुटला म्हणून घरी न्यायचा नसतो." त्यानंतर तिने नेला नाही. पुठ्ठा तर पुठ्ठा.

दवाखान्यात चौथ्या दिवशी सासरे उशीला टेकून बसले होते. "मला एक सांग," ते म्हणाले. "तो तुझा कारागीर. त्याचा हातच धरून ठेवला तर? कोटच शिवला जाणार नाही."

"तसं औषध शोधताहेत, बाबा. त्याचा हात धरणारं."

"कोण शोधतंय?"

"बरेच जण. थोडंफार आम्हीही."

"मग इथे काय बसलीस माझ्या उशाशी?" ते म्हणाले. "जा की कामावर."

सासूबाई पलीकडे बसून सगळं ऐकत होत्या. माफी वगैरे त्यांच्या बोलण्यात बसत नसे. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता निघणार? त्या बेताने डबा करते." एकाच शब्दाचा राजीनामा टेबलावरच पडला होता. संध्याकाळी ठकीने त्यावर रेघोट्या ओढल्या.

ठकीचे फोड महिन्याभरात गेले. सासरे काठीने चालतात, नऊ बोटांचे. पण ती अजून सगळं उलटसुलट मोजते. त्या दिवसांत तिने एक कोट, एक बादली, दोन हात आणि चार नाकं तपासली. तो पाय रोज तिच्यापासून चार हातांवर होता. कुणी लपवला होता म्हणावं, तर मोजाच तेवढा होता मधे.

तेव्हा वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्याही घरात, नाहीतर वरच्या मजल्यावर, नाहीतर फोनच्या पलीकडे कुणीतरी असेल, ज्यांनी रोजचं एखादं काम अलीकडे मुकाट्याने सोडून दिलंय. त्यांना साखरेचा आजार असेल तर घाई करा. ते म्हणतील, काही नाही, थंडी वाजते. ऐकू नका. आजच जा, उजेड आहे तोवर, खाली बसा आणि त्यांचे पाय बघा. तळवे बघा, टाचा बघा, आणि बोटांच्या मधली जागाही बघा.